उलटं पुस्तक

आनंदरावांनी पिशवीतून चष्म्याची डबी काढून बापाच्या हातात ठेवली आणि चुलीपुढे सुवाऱ्या तळणाऱ्या धाकट्या सुनेचा, शकुनबाईचा, झारा कढईत तसाच राहिला.

खरं तर आनंदाचीच गोष्ट होती. उन्हाळ्यात भंडाऱ्याच्या शिबिरात देवाजींच्या डोळ्यांचं आपरेशन झालं होतं, चष्मा तेवढा मागे राहिला होता. थोरला लेक साकोलीहून बायको-पोरीला घेऊन मंडईला येणार आणि येताना चष्मा आणणार, हे घरात कितीतरी दिवस घोळत होतं. अड्याळच्या बाजूला मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, दुसरी दिवाळीच. हलका धान कापून झालेला असतो, रात्री दंडारीचं नाटक असतं, पाव्हण्यांनी घरं भरतात, आणि ज्या घरी पाव्हणा नाही त्या घराला लोक मुद्दाम विचारतात, कोणाशी वाजलं का म्हणून.

"घाला बाबा," आनंदराव म्हणाले. "आता मुंगीचे पाय दिसतीन तुमाले."

"मुंगीचे पाय पाहून का करू?" देवाजींनी डबी उघडलीच नाही. ती दोन्ही हातांत धरून ते खाटेवर बसून राहिले. "पयले माह्या तुळसीले वाचताना पाहीन. मंग दुसरं काही. उन्हं कलली का आंगनात बसू. समद्याइच्या समोर."

शकुनने नवऱ्याकडे पाहिलं. यादोराव गोठ्यातल्या बैलांकडे असा पाहत होता, जणू ते कोणी आत्ताच आणून बांधले होते.

त्या दोघांची लेक तुळसा दहा वर्षांची होती आणि तिसरीत दुसऱ्यांदा बसली होती. अक्षर तिच्याजवळ टिकत नव्हतं. तिच्या पाटीवरचा 'ब' तोंड फिरवून उभा राही, 'घ' आणि 'ध' एकमेकांच्या घरात जाऊन बसत, आणि ओळ संपेपर्यंत काने-मात्रे वाटेतच गळून जात. एक ओळ उतरवायला तिला जेवढा वेळ लागे तेवढ्यात शकुनचा बिड्यांचा कट्टा बांधून होई. रोज संध्याकाळी देवाजी विहारात गेले, की यादोराव मनाशी ठरवून बसे, की आज हात उचलायचा नाही. तिसऱ्या ओळीला तो उचलला जाई. मग लेक रडत झोपे आणि बाप जेवत नसे. एका मुलीच्या गृहपाठापायी दोन माणसं उपाशी राहत, हे त्या घरातलं रोजचं होतं.

मास्तरांनी सुट्टी लागताना यादोरावला बोलावून सांगितलं होतं, "दिवाळीचा अभ्यास पोरीनं स्वतःच्या हातानं करून आणला तर ठेवतो. नाही तर नाव कमी करतो. दोन वर्षं झाली, आता मलाही इलाज नाही." शाळा उद्या उघडायची होती. वहीत तीन ओळी होत्या, त्यातली एक खोडलेली.

आणि हे देवाजींना कोणी सांगितलं नव्हतं. ती तिसरीत मागे राहिली तेव्हा गोवराचं निमित्त पुढे केलं, तेही खपून गेलं. सांगणार तरी कोण? देवाजी लहानपणी मालगुजाराच्या गोठ्यात शेण काढायला होते. मालगुजाराचा मुलगा ओट्यावर पुस्तक उघडून मोठ्यानं वाचायचा आणि देवाजी ओट्याखाली, त्याच्या समोर उभे राहून ते पाहायचे. ओट्यावर चढायची सोय नव्हती. म्हणून अक्षरं त्यांना आली ती उलटी. पुढे सरळ धरायला कोणी आडकाठी केली नाही, पण तोवर डोळ्याला ते वळण पडून गेलं होतं. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर विहारात धम्माचं पुस्तक वाचून दाखवत, तेही उलटं धरून. नवखे हसत, जुने त्यांना डोळ्यांनी दटावत. आपल्या नातवंडांच्या मांडीवर बिड्यांचं सूप येणार नाही, पुस्तक येईल, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

तुळसाला ते रोज घेऊन बसत, तेही समोरासमोर. पुस्तक तिच्याकडे सरळ, यांच्याकडे उलटं. दोघांची सोय. ती घडाघडा म्हणे आणि ते धूसर डोळे मिटून मान डोलावत.

आणखी एक शब्द होता, तो या घरात फार वापरून गुळगुळीत झाला होता. तुळसा तान्ही असताना तापानं फणफणली, आकड्या आल्या. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाचणं कठीण. शकुन बाहेर लिंबाखाली बसली होती. पहाटे देवाजी बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, "वाचली." त्यानंतर गावभर सांगत फिरले, "माही नात एकदा वाचली, आता जलमभर वाचणार हाय!" लोकांना विनोद आवडला. पुढे तुळसाची ओळखच ती झाली.

शकुनने कढई उतरवली आणि नवऱ्याला गोठ्यामागे गाठलं.

"का करता जी आता?"

"पुस्तक हरपलं म्हन."

"तुमीच सकाळी त्याच्यावरून तिले मारलं. अर्ध्या गल्लीनं आयकलं."

"मंग मीच सांगतो. होऊन जाऊ दे एकदाचं." यादोराव उठला आणि पुन्हा बसला. "नाही होत माह्यानं. त्या मानसाचे डोळे आत्ता वापस आले, शकुन."

शकुनचं डोकं अशा वेळी चाले. ती थेट सुजाताकडे गेली. सुजाता आनंदरावांची मुलगी, तुळसापेक्षा वर्षानं लहान आणि पुढच्या वर्गात. करंजी खात उभी होती.

"बेटा, तुळसीले नावाड्याचा धडा एकदा वाचून दाखवशीन का? तनसीच्या मांगं बसा. कोनाले सांगू नोको, गंमत करून राहिलो आपन."

तणसाच्या ढिगामागे सुजातानं धडा वाचला. तुळसा पुस्तकाकडे पाहतही नव्हती. ती सुजाताच्या तोंडाकडे पाहत होती आणि ओठ हलवत होती.

"आता म्हण," सुजाता म्हणाली.

तुळसानं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हणून दाखवला. सुजाताचा श्वास जिथे अडकला होता, तिथे तिनंही श्वास घेतला.

"बाप रे! मग तू नापास काहून झाली?"

"थे अक्षरं हलतात ना," तुळसा म्हणाली. "तुह्ये नाही हलत?"

सुजाताला हे काही कळलं नाही. पण बाजूच्या बोळातून हात धुवायला आलेल्या सत्यभामाबाईला, तिच्या आईला, सगळं कळलं. सत्यभामाबाई साकोलीत राहून जरा ताठ झाली आहे असं शकुनचं मत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. ती स्वयंपाकघरात आली, शकुनच्या शेजारी बसली आणि न बोलता सुवाऱ्या लाटायला लागली.

"पाह्यलं मी," थोड्या वेळानं ती म्हणाली.

शकुनचा हात थांबला. "मोठ्या भाऊजीले सांगनार का?"

"नाही. पन हे किती दिवस पुरन, शकुन?"

"आजचा दिवस पुरला तरी बस हाय, बाई."

दोघी जावांमध्ये लग्नापासून एवढं सरळ बोलणं कधी झालं नव्हतं.

उन्हं कलली. मंडईच्या मैदानावरून लाउडस्पीकरच्या पोंग्याचा आवाज यायला लागला. अंगणात सडा टाकलेला होता, त्यावर चटई पडली. देवाजी नेहमीसारखे मांडी घालून बसले, समोर तुळसा, मध्ये पुस्तक. आनंदराव कौतुकानं उभे. यादोराव दाराच्या चौकटीला टेकलेला. देवाजींनी चष्मा घातला, काड्या कानामागे नीट बसवल्या आणि आधी नातीच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुह्या आजीवर गेली तू," ते म्हणाले. "मले कोनी सांगितलंच नाही. हं, वाच बाई."

तुळसानं नावेचं चित्र पाहून पान उघडलं आणि सुरू झाली. नदीचा काठ, म्हातारा नावाडी, आलेला पूर. आवाज खणखणीत होता. देवाजींना समोरची अक्षरं उलटी, काळीभोर, एकेक सुटी दिसत होती. किती वर्षांनी दिसत होती! ते तिच्या बरोबरीनं मनात वाचत चालले. काना न् काना जुळत होता. त्यांना वाटलं, आता मरण आलं तरी हरकत नाही.

पान संपलं. तुळसानं पान उलटलं. सुजाताच्या बोटांचं करंजीचं तूप लागून दोन पानं चिकटली होती, ती एकदमच उलटली. समोर बैलबंडीचं चित्र आलं. खाली पोळ्याचा धडा होता.

तुळसा म्हणत राहिली, "नावाड्याने वल्हे घट्ट धरले. पाणी वाढतच होते."

देवाजींनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, पुन्हा घातला. बैलबंडीच होती. पहिल्या ओळीत 'सर्जा' लिहिलेलं होतं. तुळसा त्या 'सर्जा'वरून बोट फिरवत वल्ह्यांबद्दल सांगत होती.

त्यांना पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. मग हळूहळू कळत गेलं. एवढ्या संध्याकाळी, एवढी वर्षं, आपण समोर बसून मान डोलावली. पोरीनं पुस्तकाचं एक अक्षर वाचलं नव्हतं, आणि आपल्या आंधळेपणाच्या आडोशाला ती सुखानं बसली होती. आता काय करावं? बोलावं तर तिचा आवाज मध्येच तुटेल. ते ऐकत राहिले. मान डोलवायची राहून गेली, तेवढंच.

तेवढ्यानं घात झाला. तुळसानं वर पाहिलं. काचेमागचे मोठे झालेले डोळे तिला दिसले आणि ती थांबली.

"का झालं?" आनंदराव वाकले. त्यांनी पान पाहिलं, पोरीकडे पाहिलं. ते कचेरीत कारकून होते, दिवसभर लोकांच्या अर्जातल्या चुकाच शोधायचे. त्यांनी एका शब्दाखाली अंगठा ठेवला. "तुळसा, हा शब्द वाच."

तुळसा शब्दाकडे पाहत राहिली.

"बरं, हे एवढं अक्षर."

"म," तुळसा म्हणाली. तो 'स' होता.

"यादो!" आनंदराव ओरडले. "पोरीले अक्षरओळख नाही? तिसरीत दोन साल बसून? तू झोपला होता का?"

यादोराव चौकटीपासून निघाला तो सरळ तुळसापाशी आला आणि त्याचा हात वर गेला. त्याला मारायचं होतं ते भावाला, नशिबाला, मास्तरला. जवळ फक्त लेक होती. हात मध्येच सत्यभामाबाईनं धरला. भावजयीनं दिराचा हात धरला, हे त्या अंगणात प्रथमच घडत होतं.

"भाऊजी, पोरीले हात लावला तं मी हे मंडई सोडून आत्ता साकोलीच्या बशीत बसतो."

"तू मधात नोको पडू," आनंदराव म्हणाले. "मी नेतो हिले साकोलीले. माह्यासमोर बसवतो रोज. सुजाता नाही शिकली?"

"सुजाताले तुमी कवा शिकवलं?" सत्यभामाबाई म्हणाली. "थे तिची तीच शिकली. तुमी फक्त सही केली."

आनंदरावांनी पुस्तक मिटलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "नागपुरात अशा पोराइची शाळा हाय म्हनतात."

"अशा म्हन्जे कशा?" यादोराव म्हणाला. "बोल ना दादा. पागल म्हनाचं हाय तुले?"

"मी असं म्हटलं का?"

"तापात डोकं गेलं तिचं, असं म्हनाचं हाय तुले. समद्या गावाले तेच म्हनाचं हाय."

शकुन चुलीपासून उठून आली. कधी मोठ्यानं न बोलणारी बाई, पदर डोक्यावरून पडला तरी तिला भान नव्हतं.

"आयका जी सारे. तिचं डोकं गेलं नाही. पुरा धडा एका डावात पाठ करते थे, तुमच्यातल्या कोनाले जमते का? पन अक्षर नाही येत तिले. नाही येत. म्या देवापुढे नाही, दगडापुढे नाही, त्या लिंबाखाली बसून एकच मांगतलं होतं, पोरगी वाचू दे. थे वाचली. मामाजी, तुमीच येऊन सांगतलं मले." तिनं सासऱ्याकडे पाहिलं. "मले वाचलेली पोरगी पुरे हाय. पुस्तक वाचनारी नसली तरी चालते मले."

 पोंग्यावरून कोणाच्या तरी हरवलेल्या पोराचं नाव पुकारत होते.

या सगळ्यात तुळसा कुठे गेली ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ती कोपऱ्यातून आईचं बिड्यांचं सूप घेऊन आली. चटईच्या कडेला बसली, सूप मांडीवर घेतलं, टेंभुर्णीच्या पानावर पत्र्याचा फर्मा ठेवला आणि कडेनं सरळ कापून पान वेगळं केलं. मग दुसरं. भांडण थांबावं म्हणून तिला जे करता येत होतं ते ती करत होती. पानं एकसारखी होती, एकही तोंड फिरवून बसलं नव्हतं.

देवाजींनी ते नव्या चष्म्यातून स्वच्छ पाहिलं. जे पाहायचं नाही म्हणून सारा जन्म झटले, ते पहिल्याच दिवशी.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"पयलीपासून, बाबा," यादोराव म्हणाला, आणि दिवाळीच्या अभ्यासाची मास्तरांची अटही त्यानं सांगून टाकली.

"मंग मी रोज का आयकत होतो?"

उत्तर शकुननं दिलं. "सुरवातीले तुमीच तिले धडा वाचून दाखवत होते, मामाजी. मंग थे तसंच म्हने. तुमाले तुमचाच आवाज आयकू ये."

म्हाताऱ्यानं मान हलवली. हे त्यांना पटलं असावं. त्यांनी पुस्तकावर हात ठेवला, आणि बोलले तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"यादो, उद्या मास्तरले सांग, अभ्यास झाला नाही. पोरीनं केला नाही, दुसऱ्यानं बी करून देल्ला नाही. जे हाय ते सांग. नाव कमी करन तं करू दे."

"बाबा, तुमी म्हनता हे?" आनंदराव म्हणाले.

"मीच म्हनतो. मले ओट्याखाली उभं राहून आलं, हिले ओट्यावर बसून नाही आलं. त्याच्यात तिले मारून का होते?" ते उठले. उठताना त्यांनी यादोरावचा हात धरला. "दंडार पाहाले जा सारे. पाव्हने आले हायेत."

दंडारीला कोणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदराव साकोलीच्या बसनं निघाले. सत्यभामाबाईनं निघताना तुळसाच्या हातात आपली केसाची पिन दिली आणि शकुनला म्हणाली, "पुढच्या मंडईलेही येतो मी. हे आले नाही तरी." यादोराव शाळेत जाऊन आला. काय झालं ते त्याला कोणी विचारलं नाही. त्यानं टोपी खुंटीला लावली आणि विळा घेऊन शेताच्या धुऱ्याकडे निघून गेला.

तुळसा पडवीत सूप घेऊन बसली होती. रोज या वेळी आजोबा तिचं दप्तर उचलत आणि तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडत. आज ते पुस्तक घेऊन आले. समोर बसले नाहीत. पहिल्यांदाच तिच्या बाजूला, खांद्याला खांदा लावून बसले. पुस्तक दोघांच्या मध्ये सरळ उघडलं, नावेच्या चित्रावर. तिला जसं दिसतं तसंच आपल्यालाही दिसू दे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

त्यांनी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. तोंड उघडलं. आणि काहीच आलं नाही. चष्मा होता, उजेड होता, अक्षरं काळीभोर होती, पण सगळी परकी. इकडची वेलांटी तिकडे, वरची मात्रा भलतीकडे. त्यांनी एकेक अक्षर चाचपत जुळवायचा प्रयत्न केला.  सवयीनं त्यांचा हात पुस्तक फिरवायला गेला आणि त्यांनी तो मागे घेतला.

"आबाजी, काहून थांबले?"

"मले हे सरळ येत नाही, बाई."

तुळसानं फर्मा खाली ठेवला. अशी गोष्ट दुसऱ्या कोणाला होते हे तिला ठाऊकच नव्हतं.

"तुमचे बी अक्षरं हलतात?"

"हो," देवाजी म्हणाले. "हलतात."

तिनं सूप बाजूला सारलं, हात फ्रॉकला पुसले, आणि आजोबांचं बोट धरून नावेच्या चित्राखाली नेऊन ठेवलं.

"भेऊ नोका. नाही आलं तं आता कोनी मारत नाही." मग तिनं आवाज लहान केला. "म्या सांगतो. तुमी नुसतं बोट फिरवा."

ती धडा म्हणायला लागली आणि म्हाताऱ्याचं बोट ओळीखालून सरकत राहिलं. आतून शकुननं विचारलं, "कोन वाचून राहिलं जी?"  शाळेची घंटा झाली. ती दोघांनीही ऐकली, आणि दोघंही उठले नाहीत.